आवकेचा अहवाल आणि दराचा अंदाज

दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढते आणि रोज आकड्यांचा एक तक्ता तयार होतो: आवक किती क्विंटल, किमान दर किती, कमाल दर किती आणि सर्वसाधारण दर किती. असे अनेक वर्षांचे तक्ते एकत्र साठवले, त्यांना हिंगोली, जालना, उदगीर येथील आकड्यांची जोड दिली आणि ते सारे संगणकाच्या पडद्यावर आलेखांच्या रूपात मांडले, तर जे तयार होते त्याला उद्योगजगतात ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणतात. आयबीएमचे संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये या नावाने एक शोधनिबंध लिहिला होता. पुढे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल डेटाबेसच्या, म्हणजे एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत नोंदी ठेवण्याच्या, संकल्पनेमुळे विखुरलेल्या नोंदी हव्या तशा जुळवून पाहणे सोपे झाले.

या पद्धतीची ताकद आणि मर्यादा एकाच गोष्टीत आहे: तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नोंदींमध्ये आधीच असते. एखाद्या तेल गिरणीच्या मालकाने ‘गेल्या तीन हंगामांत पहिल्या पंधरवड्यात आपण सरासरी कोणत्या दराने खरेदी केली?’ असे विचारले, तर त्याचे एकच बरोबर उत्तर असते. ते चुकले, तर नोंद चुकलेली असते किंवा व्याख्या. उदाहरणार्थ, एका शाखेने ओला माल धरून सरासरी काढलेली असते आणि दुसरीने तो वगळून. अशी चूक शोधता येते आणि दुरुस्तही करता येते.

‘जानेवारीत दर काय असेल?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही नोंदवहीत नाही. इथून प्रगत डेटा विश्लेषणाचे क्षेत्र सुरू होते. संख्याशास्त्र आणि मशीन लर्निंगच्या, म्हणजे संगणकाला जुन्या नोंदींवरून शिकवण्याच्या तंत्राच्या, साहाय्याने जुन्या आकड्यांतील संबंध शोधून, ते पुढेही टिकतील असे गृहीत धरून केलेले ते विधान असते. त्यामुळे त्याची कसोटी वेगळी असते. असे संबंध मांडणारे गणिती प्रारूप (मॉडेल) २०१९ पर्यंतच्या आकड्यांवर तयार करायचे आणि त्याने कधीच न पाहिलेल्या २०२० च्या आकड्यांवर तपासायचे, हा त्यातला मूलभूत नियम आहे. ज्या आकड्यांवरून प्रारूप शिकले, त्यांच्यावरच ते किती अचूक ठरते हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तरही एका आकड्यात न देता ‘या दोन दरांच्या दरम्यान, इतक्या शक्यतेने’ असे दिले, तरच ते प्रामाणिक ठरते.

गृहीतक मोडते तेव्हा काय होते, हे २०२१ मध्ये दिसले. त्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचा दर क्विंटलमागे १० हजार रुपयांच्या घरात गेला. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत दर कोसळले. त्याच डिसेंबरमध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदे व्यवहार, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच ठरणारे सौदे, स्थगित केले, त्यामुळे वायद्याच्या दरावर विसंबलेल्या प्रारूपांचा आधारच गेला. बिझनेस इंटेलिजन्सच्या आलेखात ही पडझड तंतोतंत उमटते. प्रारूपाला मात्र धोरणाचा निर्णय आधी कळणे शक्य नसते.

अंदाजाच्या पुढची पायरी म्हणजे निर्णयाची शिफारस, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने खरे मोल तिचेच आहे. माल आज विकावा की वखारीत ठेवावा? राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज वार्षिक ६ टक्के व्याजाने मिळते. म्हणजे सहा महिन्यांचे व्याज मूळ किमतीच्या सव्वादोन टक्के होते. आज ओलावा १४ टक्के असलेला १०० किलो माल १० टक्क्यांपर्यंत वाळला, तर तो सुमारे साडेपंच्याण्णव किलो भरतो. हे दोन्ही धरले तर भाडे, हमाली बाजूला ठेवूनही दर सुमारे ७ टक्के वाढल्याशिवाय थांबण्यात फायदा नाही. कोरड्या मालाला मिळणारा चढा दरही या ७ टक्क्यांतच मोजायचा. अंदाजाचा पट्टा बहुतांशी या रेषेच्या वर असेल तर थांबण्याची शिफारस करता येते, आणि तो रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरला असेल तर थोडा माल विकून उरलेला ठेवणे हे त्या गणिताचेच उत्तर असते.

या शिफारशीत वापरलेला ओलावा, वजन आणि खरेदीचा दर हे तीनही आकडे पहिल्या, साध्या वाटणाऱ्या अहवालांतूनच येतात. मराठवाड्यातील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला मशीन लर्निंगचे सॉफ्टवेअर विकायला कुणी आले, तर त्याने आधी काट्यावरच्या पावत्यांमध्ये ओलाव्याची नोंद होते का, हे विचारलेले असावे. ती होत नसेल, तर पहिला खर्च ओलावा मोजण्याच्या यंत्रावर व्हायला हवा.