अर्ध्या इंचाचे दोन आटे : आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड्स इथवर कशी आली

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, पितळेची आणि एमएसची (साध्या पोलादाची) पाइप फिटिंग्ज बनवतो, आणि अमेरिकेला पाठवलेला आमचा पहिलाच माल परत आला तेव्हा मला कळलं की अर्धा इंच म्हणजे सगळ्या जगात एकच अर्धा इंच नसतो. ड्रॉइंगवर "अर्धा इंच पाइप थ्रेड" एवढंच लिहिलेलं. आम्ही नेहमीसारखे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे आटे पाडले, समोरच्याला एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे हवे होते. यातली खरी गोम अशी की दोन्हीत इंचाला १४ च आटे येतात, त्यामुळे फिटिंग हाताने दोन-तीन फेरे छान आत जातं आणि बसवणाऱ्याला वाटतं झालं काम. पण एकाचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०, एकाचे माथे गोल तर दुसऱ्याचे चपटे, मग प्रेशर आलं की गळती ठरलेली, वर कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळा. एक इंचाचं फिटिंग असतं तर बीएसपीत इंचाला ११ आणि एनपीटीत साडेअकरा आटे, ते सुरुवातीलाच अडकलं असतं आणि चूक लगेच लक्षात आली असती. आमचे टर्नर काका बाबांच्या वेळेपासून लेथवर आहेत, त्यांनी परत आलेला पीस गेजवर (आटा तपासायच्या मापावर) फिरवून बघितला आणि म्हणाले, "अरे, आटा खराब नाहीये, आटा दुसऱ्या घरचा आहे."

ही दोन घरं झाली कशी, ते बघायला बरंच मागं जावं लागतं.

१८४१ पर्यंत इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते, एका ठिकाणचा बोल्ट दुसरीकडच्या नटात जाईल याची काही खात्री नाही. त्या वर्षी जोसेफ व्हिटवर्थने लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समध्ये एक निबंध मांडला, त्यासाठी त्याने ठिकठिकाणच्या वर्कशॉपमधले बोल्ट जमवून त्यांची मापं घेतली आणि सरासरी काढून ५५ अंशांचा, गोल माथ्याचा आटा सुचवला. रेल्वेने तो उचलला आणि ब्रिटिश रेल्वे, ब्रिटिश मशिनं जिकडे गेली तिकडे हा आटा गेला, आपल्याकडेही तो असाच आला. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाला विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी वेगळा आटा मांडला, ६० अंशांचा आणि चपट्या माथ्याचा. त्याचं म्हणणं असं की गोल माथा अचूक काढायला जास्त टूलं आणि जास्त कसबी हात लागतात, हा आटा साध्या कारागिराला साध्या मशिनवर जमेल. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्टँडर्ड ठरवताना कुणाचं मशीन, कुणाचा कारागीर डोळ्यासमोर आहे यावर पुढचं सगळं ठरतं, हे तिथेच दिसतं. मग १८९८ मध्ये झुरिकला युरोपवाल्यांनी मेट्रिक आटा ठरवला, म्हणजे विसावं शतक उजाडेपर्यंत तीन घरं झाली होती.

एका देशाच्या आत याचा फायदा मात्र प्रचंड झाला. १९०१ मध्ये ब्रिटनमध्ये इंजिनिअरिंग स्टँडर्ड्सची कमिटी बसली आणि तिने ट्रामच्या रुळांचे ७५ प्रकार होते ते ५ वर आणले. विजेच्या बाबतीत देशादेशांनी लवकर हातमिळवणी केली, १९०६ मध्ये लंडनला विजेची स्टँडर्ड्स ठरवणारी आयईसी ही संस्था सुरू झाली आणि लॉर्ड केल्व्हिन तिचे पहिले अध्यक्ष झाले. बाकी यंत्रसामग्रीसाठी १९२६ मध्ये आयएसए नावाची संघटना आली, पण महायुद्धात १९४२ ला तिचं काम थांबलं.

आणि त्या युद्धानेच हा प्रश्न ऐरणीवर आणला. रोल्स रॉइसचं विमानाचं मर्लिन इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनी बनवायला लागली तेव्हा इंजिन ब्रिटिश, आटे ब्रिटिश, आणि अमेरिकेत त्या आट्यांचे टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची टूलं, मिळेनात, तेव्हा पॅकार्डला स्वतःचे टॅप-डाय बनवून घ्यावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीने ते केलं, तिला परवडलंही. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला अमेरिका, ब्रिटन, कॅनडा या तिघांनी एक सामाईक आटा मान्य केला, कोन अमेरिकेचा ६० चा. पण पाइपचे आटे त्यातून बाहेरच राहिले. व्हिटवर्थचा पाइपचा आटा युरोपभर रुजला होता, तो पुढे आयएसओ ७ आणि आयएसओ २२८ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड्समध्ये गेला, आपल्याकडे आयएस ५५४ या भारतीय स्टँडर्डमध्ये आला, आणि अमेरिका आपला एनपीटी धरून बसली ती आजपर्यंत. आमचा माल परत आला त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या आयएसओ या संघटनेचा जन्म या दरम्यानचाच. १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये २५ देशांचे लोक लंडनला जमले, २३ फेब्रुवारी १९४७ पासून संघटनेचं काम रीतसर सुरू झालं. भारतीय स्टँडर्ड्स ठरवणारी आपली आयएसआय तर स्वातंत्र्याच्याही आधी, ६ जानेवारी १९४७ ला स्थापन झाली आणि आयएसओची संस्थापक सदस्य झाली. याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुढे १९५६ च्या कायद्याने देश मेट्रिकवर गेला, १९८७ ला आयएसआयची बीआयएस झाली, तरी हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक आजही "चार सूत द्या" असंच म्हणतं आणि त्याला अर्धा इंचच मिळतो.

आता व्यापाराकडे येतो, कारण खरी अडचण तिथून सुरू होते. पूर्वी परदेशी माल अडवायचा तर ड्युटी वाढवायची, एवढा सरळ मामला होता. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींमधून ड्युटी खाली येत गेली आणि मग लक्षात आलं की माल टेस्टिंगवर, मार्किंगवर, कागदपत्रांवरही अडवता येतो. म्हणून १९७९ मध्ये वाटाघाटींच्या टोकियो राउंडमध्ये स्टँडर्ड्सबद्दल एक करार झाला, पण ज्या देशांनी सही केली त्यांच्यापुरताच. १ जानेवारी १९९५ ला डब्ल्यूटीओ ही जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्यासोबतचा टीबीटी करार (व्यापारातल्या तांत्रिक अडथळ्यांबद्दलचा) सगळ्या सदस्यांना लागू झाला. त्याचं कलम २.४ थोडक्यात असं सांगतं की तांत्रिक नियम बनवताना संबंधित आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड असेल तर त्याचा आधार घ्या. हेतू चांगलाच आहे, वाद नाही. पण आंतरराष्ट्रीय कुणाला म्हणायचं, त्या संस्थांची यादीच करारात नाही! २००० साली डब्ल्यूटीओच्या कमिटीने सहा तत्त्वं ठरवली, पारदर्शकता, खुलेपणा, सहमती वगैरे, आणि त्यात विकसनशील देशांच्या गरजाही आल्या. अमेरिका म्हणते या तत्त्वांत बसणारी एएसटीएम, एएसएमई या तिच्याकडच्या संस्थांची स्टँडर्ड्सही आंतरराष्ट्रीयच. युरोपचा भर आयएसओ-आयईसीवर, तिथे एका देशाला एक मत आणि युरोपात देश भरपूर, शिवाय १९९१ च्या व्हिएन्ना करारामुळे आयएसओ आणि युरोपची स्टँडर्ड्स ठरवणारी संस्था सेन बरंच काम एकत्र करतात. या ओढाताणीत आमच्यासारख्या माणसाला दोन्हीकडची गेजेस विकत घ्यावी लागतात आणि वेळोवेळी कॅलिब्रेटही करावी लागतात.

ऐच्छिक हा शब्दही नीट समजून घ्यायला पाहिजे. युरोपने १९८५ मध्ये नवीन पद्धत आणली, कायद्यात फक्त मूळ सुरक्षेच्या अटी, बारकावे सगळे स्टँडर्डमध्ये, आणि स्टँडर्ड पाळणं ऐच्छिक. त्यातूनच युरोपात विकायच्या मालावरचा आजचा सीई मार्क आला. कागदावर ऐच्छिक, पण न पाळता माल सुरक्षित आहे हे सिद्ध करायचं तर ज्या टेस्ट लागतात त्या छोट्या युनिटच्या आवाक्यात नसतात, तेव्हा पाळण्यावाचून पर्याय नाही. आयएसओ ९००१ चंही तसंच झालं. १९७९ च्या बीएस ५७५० या ब्रिटिश स्टँडर्डवरून १९८७ मध्ये ९००० ची मालिका आली, आणि नंतर नंतर त्या सर्टिफिकेटशिवाय चौकशीलाही उत्तर मिळेना. ते सर्टिफिकेट कामाच्या पद्धतीचं असतं, पीस चांगला आहे की वाईट याबद्दल ते काहीच बोलत नाही, हे अजूनही कित्येक खरेदीदारांना सांगावं लागतं.

जुनी स्टँडर्ड्स मरत नाहीत ही एक वेगळीच डोकेदुखी. गॅरेजमधला १६-१७ चा पाना आठवा. दहा एमएमच्या हेक्स बोल्टला जर्मनीच्या डीआयएन ९३३ या जुन्या स्टँडर्डप्रमाणे १७ चा पाना लागतो, आयएसओ ४०१७ प्रमाणे १६ चा. बाराच्या बोल्टला १९ आणि १८. डीआयएन ९३३ कधीच मागे घेतलं गेलंय, तरी ऑर्डरवर तेच लिहून येतं कारण खरेदीवाल्याच्या सिस्टीममध्ये जुनंच नाव बसलेलं असतं. मग पुरवठादाराने काय द्यायचं, लिहिलंय ते की चालू आहे ते? फोन करून विचारायचं आणि उत्तर मेलवर लेखी घ्यायचं, हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो.

पितळेचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. पितळ लेथवर छान कापलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालतात. घातक पदार्थांवर बंधन घालणारा युरोपचा रोह्स नियम १ जुलै २००६ पासून लागू झाला, विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांमध्ये शिशाची मर्यादा ०.१ टक्का, पण तांब्याच्या मिश्रधातूंना (पितळ त्यातच येतं) सूट देऊन ४ टक्क्यांपर्यंत मुभा दिली. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगला ४ जानेवारी २०१४ पासून पाणी लागणाऱ्या भागात सरासरी ०.२५ टक्के, बस. म्हणजे दिसायला एकसारखी दोन फिटिंग्ज, पण रॉड वेगळा, टूल वेगळं, मशीनचा स्पीड वेगळा, आणि दोन्ही रॉडचे तुकडे शॉपमध्ये चुकून एकत्र झाले की नजरेला फरक कळत नाही. आम्ही रॉडच्या टोकांना रंग लावतो, हिरवा म्हणजे कमी शिशाचा. लोकांच्या पोटात शिसं जाऊ नये यासाठी हा नियम आहे आणि तो असलाच पाहिजे, माझा आक्षेप नियमाला नाहीच, नियम समजून घ्यायला लागणारा कागदसुद्धा विकत घ्यावा लागतो त्याला आहे.

कारण स्टँडर्डची पीडीएफ फुकट नसते. पंधरा-वीस पानांना हजारो रुपये, त्यात पहिल्याच पानांवर यादी की हे वाचताना अमुक पाच स्टँडर्ड्स सोबत बघा, ती घेतली की त्यांच्यात आणखी यादी. आयएसओची आजवर २५ हजारांहून जास्त स्टँडर्ड्स निघाली आहेत, आणि कुठलं कधी बदललं यावर लक्ष ठेवायला मोठ्या कंपनीत माणूस असतो, आमच्याकडे मीच. कायद्याचा आधार असलेला मजकूर पैसे देऊन का वाचायचा, हा प्रश्न युरोपच्या न्यायालयातही गेला. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी युरोपीय स्टँडर्ड्स युरोपच्या कायद्याचा भाग आहेत असं म्हटलं, आणि ५ मार्च २०२४ ला मुख्यतः खेळण्यांच्या सुरक्षेच्या चार स्टँडर्ड्सच्या खटल्यात ती लोकांना खुली करण्यात मोठं लोकहित आहे असा निकाल दिला. बीआयएसने तर भारतीय स्टँडर्ड्स आपल्या पोर्टलवर फुकट डाउनलोडला ठेवलीत, हे फार मोठं काम आहे आणि त्याबद्दल बोललं फारच कमी जातं.

आता आपणही नियम लावणाऱ्यांमध्ये आहोत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा मार्क सक्तीचा झाला, मग एकेक वस्तू त्या यादीत येत गेली. तिकडे युरोपात येणाऱ्या मालाच्या कार्बनचा हिशेब (तो बनवताना किती कार्बन हवेत गेला याचा) १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या रिपोर्टिंगने सुरू झाला, २०२६ पासून पैशात मोजायचाय, आणि पोलादाचे नट-बोल्टसुद्धा त्यात आहेत. पोलादाच्या मिलने दिलेल्या टेस्ट सर्टिफिकेटवर केमिस्ट्री आणि ताकद असते, कार्बनचा आकडा नसतो, तो मिलकडून मिळवायचा कसा यावर आमच्या गल्लीत सध्या रोज बोलणं चालतं.

टीबीटी करारात एक सोय आहे. कुठलाही देश नवीन नियम आणताना मसुदा आधी कळवतो आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस मिळतात, बीआयएसही आपले मसुदे अभिप्रायासाठी खुले करते. मागच्या वर्षी आम्ही चौघा युनिटवाल्यांनी एका मसुद्यावर चहाच्या टपरीवर बसून मराठीत चर्चा केली आणि दीड पान इंग्रजीत लिहून पाठवलं. गेजच्या टॉलरन्सचा (मापात किती फरक चालेल याचा) मुद्दा टर्नर काकांनी सांगितलेला, तो तिसऱ्या नंबरला आहे.