आरपार अक्षरं : पार्श्वभूमी

आरपार अक्षरं म्हणजे रंगाच्या थरात कापलेली, खालचा फोटो दाखवणारी अक्षरं; इथे ती कोडने काढायची आहेत. सांगलीत हळदीच्या पोत्यावर मार्का उठवायला पत्र्यात ‘विटा’ हे गावाचं नाव कापायचं झालं, तर ‘व’चं पोट गळून पडतं. ते धरून ठेवायला पट्टी सोडावी लागते. कॅनव्हासवर, म्हणजे कोडने चित्र काढायच्या पडद्यावरच्या जागेत, ते पोट अधांतरी तसंच राहतं, कारण तिथे बदलते ती प्रत्येक पिक्सेलची अपारदर्शकता, म्हणजे अल्फा. रंगाच्या लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांसोबत (चॅनेलसोबत) हा चौथा आकडा साठवायची कल्पना १९७०च्या दशकाच्या अखेरची. थरावर थर चढवायचं गणित १९८४ मध्ये मांडलं गेलं. कॅनव्हासमधलं ‘डेस्टिनेशन-आउट’, म्हणजे नव्या आकारापुरतं आधीचं चित्र पुसणं, त्यातूनच आलं.

खरा घोळ आहे मास्कचा, म्हणजे चित्राचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या दुसऱ्या चित्राचा. २००१ पासूनच्या प्रोसेसिंग या चित्रं काढायच्या प्रोग्रामिंग भाषेत मास्क म्हणजे करड्या छटांचं चित्र: पांढरं तिथे दिसणार, काळं तिथे आरपार. पण आतून वाचला जातो फक्त निळा चॅनेल. पिक्सेलच्या ३२ बिटांतली शेवटची ८ निळ्याची. ती उचलून अल्फाच्या जागी सरकवली की झालं. त्यामुळे मास्कवर झगझगीत पिवळी अक्षरं लिहिली तर ती काळीच धरली जातात, पिवळ्यात निळा शून्य असतो ना! २०१३ मध्ये ब्राउझरसाठी पी५ (p5.js) हे तिचं जावास्क्रिप्ट रूप सुरू झालं. तिथला मास्क रंग पाहतच नाही, अल्फा पाहतो. काळ्यावर पांढरी अक्षरं असलेला जुना मास्क इथे दिला की काहीच कापलं जात नाही, कारण दोन्ही रंग पूर्ण अपारदर्शक. एररही येत नाही. ब्राउझरच्या कॅनव्हासला ही रीत सोयीची, हे मान्य. पण वागणं बदललं तर नावही बदलायला हवं होतं. जुनी उदाहरणं घेऊन शिकणारी मुलं नेमकी इथेच अडकतात.

पुढे पी५मध्ये ‘इरेज’ ही पुसायची आज्ञा आली आणि वाट सरळ झाली. ‘क्रिएटग्राफिक्स’ या आज्ञेने वेगळा थर घ्यायचा, तो रंगाने भरायचा, इरेज चालू करून त्यावर मजकूर लिहायचा, इरेज बंद करायचं आणि थर फोटोवर ठेवायचा. हेच मुख्य कॅनव्हासवर केलं तर खालच्या, सांगलीतल्या आयर्विन पुलाच्या फोटोलाही भोक पडतं आणि मागचं पान दिसतं.

देवनागरीसाठी तो थर टूडीच, म्हणजे साध्या सपाट चित्राच्या पद्धतीचाच हवा. तिथे जोडाक्षरं ब्राउझर जुळवतो. पी५च्या पहिल्या मालिकेत (१.x आवृत्त्यांत) वेबजीएलमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या थ्रीडी पद्धतीत, ‘मिरज’ची वेलांटी ‘म’च्या मागून येते, ‘कृष्णा’तला ‘ष्ण’ सुटा पडतो. म्हणून आधी टूडी थरावर अक्षरं कापायची आणि मग तो थर टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र, म्हणून वेबजीएलमध्ये न्यायचा.