न वाचण्यातून येणारा वेग

उन्हाळा सुरू झाला की सोलापूरच्या वर्तमानपत्रांत दोन आकडे ठळकपणे येऊ लागतात: शहराचे कमाल तापमान आणि उजनी धरणातील पाणीसाठ्याची टक्केवारी. टक्केवारी उण्यात गेली की ‘गेल्या वर्षी याच दिवशी किती होती?’ हा प्रश्न ओघानेच येतो आणि संगणक त्याचे उत्तर क्षणात देतो. त्यावरून अनेकांचा असा समज होतो की, संगणक ताकदवान असला म्हणजे नोंदी कितीही असल्या तरी उत्तर लवकरच मिळते. वस्तुतः उजनीची दिवसाला एक नोंद धरली तर वर्षाच्या 365 नोंदी होतात आणि तेवढ्या कोणताही साधा संगणक सहज चाळतो. खरी कसोटी विजेच्या मीटरसारख्या ठिकाणी लागते.

समजा, सोलापुरातील घरे आणि यंत्रमाग कारखाने मिळून 1 लाख मीटर दर 15 मिनिटांनी वापराची नोंद पाठवतात. एका मीटरच्या दिवसाला 96, सर्वांच्या मिळून 96 लाख आणि वर्षाच्या 350 कोटींहून अधिक नोंदी होतील. एक नोंद 50 बाइटची धरली तर हा साठा सुमारे 175 गिगाबाइटचा होतो. त्यातून 14 मे या एका दिवसाचा एकूण वापर काढायचा असेल आणि संगणक पहिल्या नोंदीपासून वाचू लागला, तर यंत्र कितीही महाग असले तरी त्याचे बहुतेक श्रम वायाच जाणार.

यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे बी-ट्री हा इंडेक्स, म्हणजे कोणती नोंद कुठे आहे हे सांगणारी, झाडासारख्या फाट्यांची सूची. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी तो बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत 1970 च्या सुमारास शोधला. प्रत्येक पायरीवर शेकडो फाटे असल्यामुळे कोट्यवधी नोंदींमधून हवी ती नोंद चार-पाच पायऱ्यांत सापडते. मात्र सर्वसाधारणपणे प्रत्येक नोंदीमागे इंडेक्समध्येही एक नोंद ठेवावी लागत असल्याने इंडेक्सच अवाढव्य होतो.

वेळेच्या नोंदींचा एक विशेष असा की त्या बहुतांशी काळाच्या क्रमानेच येतात, आणि म्हणून डिस्कवरही त्याच क्रमाने साठत जातात. या गुणाचा उपयोग करणारा ‘ब्रिन’ नावाचा इंडेक्स पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या 9.5 या आवृत्तीत, जानेवारी 2016 मध्ये आला, आणि मला तो फार सुंदर वाटतो. पोस्टग्रेस नोंदी 8 किलोबाइटच्या पानांवर लिहितो. ब्रिन अशा 128 पानांचा, म्हणजे 1 मेगाबाइटचा, एक गट धरतो आणि त्या गटातील सर्वांत जुनी व सर्वांत नवी वेळ एवढ्या दोनच गोष्टी टिपून ठेवतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. प्रत्येक रुमालावर आतील पहिली आणि शेवटची तारीख लिहिलेली असेल, तर नको तो रुमाल उघडण्याचीही गरज नाही.

आपल्या उदाहरणात एका गटात सुमारे 20 हजार नोंदी मावतात आणि वर्षभराचे सुमारे 1 लाख 67 हजार गट होतात. त्यांच्या दोन-दोन वेळा तपासल्या की 14 मेचे जेमतेम 460 गट उरतात. बाकीचे उघडावेच लागत नाहीत. येथे संगणक अधिक वेगाने धावलेला नाही, त्याने फक्त नको ते वाचले नाही. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे झटपट विश्लेषण’ अशा जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावे, कारण त्या झटपटीचा मोठा वाटा अशा साध्या किमान-कमाल तुलनेचा असू शकतो. तारखेनिशी लावलेल्या नोंदींचा आणखी एक उपयोग मला महत्त्वाचा वाटतो. सिद्धेश्वर यात्रेत वासराच्या वागण्यावरून पावसाची भाकणूक सांगितली जाते. परंपरा म्हणून तिचा आदर राखूनही, पेरणीचा निर्णय तिच्यावर सोपवण्यापूर्वी मागील वर्षांची भाकिते पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून पाहावीत.

ब्रिनचे सारे बळ नोंदींच्या क्रमात आहे. एखाद्या भागातील नेटवर्क बंद पडले आणि तेथील मीटरांनी 14 मेच्या नोंदी 20 मे रोजी पाठवल्या, तर त्या 20 मेच्या गटांत जाऊन बसतात. त्या गटांचा पल्ला आता 14 ते 20 मे असा ताणला जातो, आणि मधल्या कोणत्याही दिवसाविषयी विचारले तरी ते उघडावे लागतात. किमान आणि कमाल यांच्या मधली पोकळी ब्रिनला दिसत नाही. पोस्टग्रेसच्या 2021 च्या 14 व्या आवृत्तीत एका गटासाठी अनेक छोटे पल्ले ठेवण्याची सोय झाली ती यासाठीच.

दुसरा मार्ग म्हणजे दिवसागणिक पार्टिशन करणे, म्हणजे प्रत्येक दिवसाच्या नोंदी वेगळ्या कप्प्यात ठेवणे. उशिरा आलेली नोंद मग आपल्याच दिवसाच्या कप्प्यात जाते आणि शेजारच्या दिवसांना धक्का लागत नाही. दिवस पूर्ण झाल्यावर तो कप्पा मीटर क्रमांक आणि वेळ या क्रमाने पुन्हा लावला, तर एका मीटरच्या 96 नोंदी, म्हणजे जेमतेम 4,800 बाइट, एका किंवा फार तर दोन पानांवर एकत्र येतात, आणि एका ग्राहकाचा दिवस पाहण्यासाठी सर्व शहराचा दिवस वाचावा लागत नाही. जुना दिवस काढून टाकायचा झाल्यास 96 लाख नोंदी एकेक न पुसता पूर्ण कप्पाच हटवता येतो. कप्प्यांची सीमा मात्र भारतीय मध्यरात्रीवर ठेवावी. जागतिक प्रमाणवेळेनुसार ती आदल्या दिवशीच्या 18:30 वाजता येते. जागतिक वेळेची मध्यरात्र धरली, तर सोलापूरचा प्रत्येक दिवस दोन कप्प्यांत विभागला जाऊन दोन्ही उघडावे लागतील.