त्याच प्रसंगापाशी अडणारी तबकडी

चित्रपट ऐन रंगात आलेला असताना पडद्यावरच्या चेहऱ्याचे अचानक चौकोनी तुकडे व्हावेत, आवाज तुटावा आणि मग सारेच जागच्या जागी थिजावे, हा अनुभव डीव्हीडी पाहणाऱ्या बहुतेकांनी घेतलेला आहे. स्ट्रीमिंगही अडते, पण थोड्या वेळाने पुढे सरकते. ओरखडा पडलेली तबकडी मात्र दुसऱ्या दिवशी लावली तरी पुन्हा त्याच प्रसंगापाशी अडते.

डीव्हीडीवरील माहिती सर्पिल मार्गावरच्या सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते आणि या मार्गाच्या लगतच्या दोन वेढ्यांत जेमतेम ०.७४ मायक्रोमीटर अंतर असते. ओरखडा सहसा त्या खळग्यांपर्यंत पोहोचतच नाही, वरच्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमध्येच तो लेसरचा किरण विखरून टाकतो. अशा वेळी इर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेले गणित मदतीला येते. तबकडीवर मूळ माहितीसोबत काही जादा माहिती लिहिलेली असते आणि तिच्या आधारे प्लेअर गाळलेल्या जागा अचूक भरून काढतो. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वेढ्यातली थोडीशीच माहिती झाकतो, म्हणून तो निभावून नेता येतो. मार्गाला धरून गेलेला गोलाकार ओरखडा मात्र सलग इतकी माहिती झाकतो की गणिताचे काही चालत नाही. तबकडी मऊ कापडाने गोल गोल न पुसता मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, ती यासाठीच.

स्ट्रीमिंगमध्ये चित्रपट काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. वाटेत गहाळ झालेली माहिती सर्व्हरकडून पुन्हा मागवता येते, आणि जोडणी मंदावली तर पुढचा तुकडा कमी दर्जाचा घेऊन वेळ निभावता येते. तबकडीला अशी दुसरी प्रत कुठून मिळणार?

चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या सक्तीच्या सूचनांमुळे होणाऱ्या खोळंब्याचे मात्र तसे नाही. तिथे पुढे जाण्याचे बटण चालू देऊ नये, अशी आज्ञाच तबकडीवर लिहिलेली असते. ओरखड्यापुढे तंत्रज्ञान हतबल ठरते हे समजू शकते. विकत घेतलेल्या तबकडीने पाहणाऱ्याला मुद्दाम खोळंबून ठेवावे, हे मला आजही पटत नाही.

तरीही चित्राच्या दर्जात तबकडी सरस ठरते. अल्ट्रा एचडी ब्लू-रे या डीव्हीडीनंतरच्या, अधिक स्पष्ट चित्राच्या तबकडीवरून सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती वाचता येते, तर स्ट्रीमिंगमधील फोरके, म्हणजे तितक्याच बारीक तपशिलाचा, चित्रपट सहसा त्याच्या लहानशा हिश्श्यात बसवलेला असतो. अंधाऱ्या खोलीतला प्रसंग दोन्हीकडे पाहावा: स्ट्रीमिंगवर भिंतीवरच्या सावलीत अनेकदा पट्टे उमटतात, तबकडीवर तीच सावली अलगद काळोखात मिसळते.