सुरक्षादोर, एकहाती शिडनौकेवरील

एकट्याने शिडनौका चालवणारा खलाशी तोल जाऊन समुद्रात पडू नये यासाठी त्याला नौकेशी जखडून ठेवणारी व्यवस्था. तिचे तीन भाग असतात : छातीभोवतीचा पट्टा (हार्नेस), त्याला अडकवलेला आखूड दोर (टेदर) आणि डेकवर नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) पिछाडीकडे ताणून बसवलेली लांब पट्टी किंवा तार (जॅकलाइन). टेदरचा आकडा जॅकलाइनवर सरकत असल्याने खलाशाला न सुटता पुढेमागे करता येते.

नौकेवर चार माणसे असली, तर एखादा पडताच कोणीतरी ओरडतो, कोणी त्याच्यावर नजर खिळवून बसतो, कोणी नौका वळवतो. एकट्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. वाऱ्याच्या पात्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणू आपले काम चोख करीत राहते व नौका ठरल्या दिशेने निघून जाते. १९६० च्या अटलांटिकपार एकहाती शर्यतीपासून ज्या साधनाने असे प्रवास आवाक्यात आणले, तेच येथे वैरी ठरते. ५ नॉट हा वेग सेकंदाला सुमारे २.६ मी. भरतो. १०० मी. शर्यतीतले अव्वल जलतरणपटू तलावातही २.१ मी.च्या आसपासच जातात. दहा मिनिटांत नौका दीड किमी. लांब गेलेली असते. म्हणून या विषयात पाण्यातून वर कसे यावे यापेक्षा पडूच नये कसे, यालाच महत्त्व आहे.

इतिहास : वादळात डेकवर आडवेउभे दोर बांधण्याची रीत शिडांच्या मोठ्या जहाजांवर जुनीच होती. अंगावर घालायचा पट्टा मात्र साधारणपणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला दिसतो. आकड्यांची व शिवणीची घडण पाहता त्यावर गिर्यारोहणाच्या साधनांची छाप असावी.

या संदर्भात जोशुआ स्लोकम याचे नाव हटकून येते. ‘स्प्रे’ या सुमारे ११ मी. लांबीच्या नौकेतून १८९५ ते १८९८ या काळात त्याने पहिली एकहाती जगप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याला पोहता येत नव्हते, हे त्याच्याच कथनावरून कळते. उरुग्वेच्या किनाऱ्यावर नौका रुतली असता छोटी होडी उलटली, तेव्हा ही गोष्ट त्याला आठवली. पुढे तो वेस्ट इंडीजकडे जाण्यासाठी निघाला आणि परतला नाही. त्याच्या प्रस्थानाची रूढ तारीख १४ नोव्हेंबर १९०९ अशी दिली जाते व १९२४ मध्ये त्याला कायद्याने मृत ठरवताना हीच तारीख धरली गेली. तथापि अलीकडच्या काही अभ्यासकांनी तो वर्षभर आधी, १९०८ च्या नोव्हेंबरात निघाला असावा असे दाखवले असून ते मत अधिक ग्राह्य वाटते. आगबोटीची धडक बसली, जुनी नौका फुटली, की तो पाण्यात पडला, याविषयी तर्कच आहेत. नौकेचे अवशेषही मिळालेले नसल्याने तिसरा तर्क पहिल्या दोहोंपेक्षा अधिक सबळ मानता येत नाही.

रचना व मर्यादा : शर्यतींच्या नियमांत टेदरची लांबी जास्तीत जास्त २ मी. व पट्टीच्या जॅकलाइनची तुटण्याची मर्यादा किमान २० किलोन्यूटन (सुमारे दोन टन भाराइतकी) अशी अट असते. तार वापरल्यास ती किमान ५ मिमी. जाडीची लागते, पण पायाखाली तार गोल फिरते, म्हणून पट्टीला पसंती आहे. पट्टी उन्हाने कुजते, ती ठरावीक काळाने बदलावी लागते.

लांबीचा प्रश्न नियमांनी सुटलेला नाही. २ मी. दोर हालचालीला सोयीचा. परंतु कठड्याजवळच्या जॅकलाइनला तो अडकवला, तर माणूस कठड्यापलीकडे पाण्यात लोंबकळतो व नौकेबरोबर फरफटत जातो. २०११ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एक नौकाप्रमुख दोराला बांधलेला असूनही असाच बुडाला, आणि तेव्हा नौकेवर सोबती होते. त्यामुळे एकट्याने जॅकलाइन शक्यतो डेकच्या मध्यरेषेवर घ्यावी, पिछाडीच्या बरीच अलीकडे संपवावी आणि १ मी.चा दोर वापरावा, हे मत पटण्यासारखे आहे. दोन शाखांचा टेदर असल्यास दुसरा आकडा लागल्याशिवाय पहिला सोडत नाहीत.

आकडा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. १९७९ च्या फास्टनेट या शिडनौकांच्या शर्यतीत वादळात सापडून १५ स्पर्धक मरण पावले. त्यानंतर पट्टे व त्यांच्या जोडांच्या मजबुतीकडे कसून पाहिले जाऊ लागले. २०१७ मध्ये एका जगप्रदक्षिणा शर्यतीत वेगळाच दोष उघड झाला. टेदरचा आकडा डेकवरील क्लीटच्या (दोर गुंडाळण्याच्या दोन शिंगांच्या खुंटीच्या) शिंगाखाली आडवा अडकला, झटका लांबीच्या दिशेने न बसता बाजूने बसला, आकडा वाकून उघडला आणि खलाशी वाहून गेला. सरळ ताणात कित्येक पट भार पेलणारा आकडा आडव्या ताणात थोड्या भारानेच हार मानतो. म्हणून जॅकलाइनची टोके क्लीटसारख्या वस्तूंपासून दूर ठेवतात.

पिछाडीमागे लांब दोर सोडून ठेवण्याचा उपाय पुष्कळदा सुचवला जातो. ५-६ नॉट वेगात कपड्यांसह दोर धरून वर सरकणे फार थोड्यांना जमेल. स्वयंचलित सुकाणू सोडवणारी कळ त्या दोराला जोडली, तरच त्यात काही अर्थ आहे.

दोर नसताना वाचल्याचे उदाहरण फ्रान्सच्या फ्लोरान्स आर्तो यांचे. ऑक्टोबर २०११ मध्ये कॉर्सिकाजवळ त्या रात्री एकट्या असताना पडल्या. जवळ जलरोधक मोबाइल व डोक्यावर दिवा होता. त्यांनी आईला फोन लावला, घरच्यांनी बचावकेंद्राला कळवले आणि हेलिकॉप्टरने त्यांना उचलले. किनारा जवळ होता म्हणून फोन लागला. खोल समुद्रात त्याऐवजी उपग्रहाला ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत देणारा अंगावरचा बीकन लागतो. याच्या उलट, एकहाती शर्यतींनी नाव कमावलेले एरिक ताबार्ली जून १९९८ मध्ये वेल्सच्या किनाऱ्याबाहेर रात्री पट्टा न घालता शीड बदलताना पडले. ती नौका एकहाती नव्हती, तरीही त्यांना वाचवता आले नाही. मृतदेह काही आठवड्यांनी मिळाला.

भारत : रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली होती, तिच्यातून त्यांनी १९६८-६९ मध्ये पहिली विनाथांबा एकहाती प्रदक्षिणा केली. भारतीयांपैकी दिलीप दोंदे (२००९-१०) व विनाथांबा प्रवास करणारे अभिलाष टॉमी (२०१२-१३) यांनी गोव्यात दिवाडी येथे बांधलेली ‘म्हादेई’ वापरली. ‘तारिणी’वरील दिलना के. व रूपा ए. यांची प्रदक्षिणा (२०२४-२५) दोघींची होती. पण अशा प्रवासातही एक झोपली, की डेकवर दुसरी एकटीच उरते.