१२३४५६७८९८७६५४३२१

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ ही सतरा अंकी पूर्णवर्ग संख्या आहे. तिचे वर्गमूळ १११११११११, म्हणजे ओळीने नऊ एक. डावीकडून वाचा की उजवीकडून, अंकांचा क्रम तोच राहतो. भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो. पुढचे स्थान परार्धाचे.

१, १२१, १२३२१ अशी वाढत जाणारी ही मालिका डेम्लो संख्यांमध्ये मोडते. डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या संख्यांचा अभ्यास केला. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो (आजचे डोंबिवली) स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून नाव स्थानकाचे.

अंक असे चढत-उतरत का जातात, हे गुणाकार कागदावर मांडला की लगेच कळते. नऊ एकांची ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक असतो, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ. तिथून पुढे ते एकेकाने कमी होतात. बेरीज कुठेही नऊच्या पुढे जात नाही, त्यामुळे हातचा येत नाही. या संख्येचे सगळे सौंदर्य त्या न आलेल्या हातच्यात आहे. अंकांची बेरीज ८१ येते तीही त्यामुळेच: मांडणीत एकूण नऊ गुणिले नऊ इतकेच एक आहेत.

दहा एकांचा वर्ग केला की हा डौल मोडतो. मधल्या स्तंभात दहा जमतात, शून्य राहून एक हातचा जातो. शेजारच्या नवाचेही दहा होतात. पुढच्या आठाचा नऊ होतो आणि हातचा तिथे थांबतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा ८ नाहीसा झालेला दिसतो. एक भागिले ८१ च्या दशांश विस्तारात, म्हणजे ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… मध्ये, ८ नसण्याचे कारणही हेच. फक्त ० ते ७ हे अंक वापरणाऱ्या अष्टमान पद्धतीत मात्र ही मर्यादा आधीच, सात एकांवर येते: तिथे १११११११ चा वर्ग १२३४५६७६५४३२१.

१११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. त्यामुळे आपल्या सतरा अंकी संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो, भागाकार १२३४५६७९ चा वर्ग येतो, आणि तिचे एकूण विभाजक ४५ भरतात.

तिला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो: ९९९९९९९९८००००००००१. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून बेरीज घेतली की पुन्हा ९९९९९९९९९. वर्गाच्या तुकड्यांतून स्वतःच परत मिळणाऱ्या अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात; ४५ ही त्यांतलीच, कारण तिचा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५.