मांजरांत कुत्रा ओळखू येतो, कुत्र्यांत मांजर हरवते

तीन-चार महिन्यांच्या बाळाला प्रश्न विचारून काही कळणार नाही, पण ते कुठे आणि किती वेळ बघते हे मोजता येते. तेच ते पाहून बाळ कंटाळते आणि नव्या चित्राकडे जास्त वेळ टक लावते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९६४ मध्ये दाखवले होते. या कंटाळ्याचाच उपयोग करून पॉल क्विन, पीटर आयमस आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांडीवर बसवलेल्या बाळाला एका वेळी दोन, अशी बारा मांजरांची छायाचित्रे दाखवली. प्रत्येक जोडी पंधरा सेकंद समोर असे. त्यानंतर एक अनोळखी मांजर आणि एक कुत्रा शेजारी-शेजारी ठेवला, तेव्हा बाळांची नजर कुत्र्याकडे अधिक वेळ रेंगाळली. मांजर नवे असूनही ते त्यांना 'आधीच्यांतलेच' वाटले होते.

खरी गंमत पुढे आहे. आधी कुत्रे दाखवलेल्या बाळांना नंतर मांजर दिसले, तरी त्यात त्यांना विशेष नवल वाटले नाही. कारण चित्रांतच होते: लांब नाकाचे, चपट्या तोंडाचे, लहान-मोठे कुत्रे एकमेकांपासून इतके भिन्न होते की त्यांच्या विस्तारात मांजरही सहज सामावत होते, मांजरे मात्र परस्परांशी बरीच मिळतीजुळती होती. एकसारख्या दिसणाऱ्या कुत्र्यांची निवड केल्यावर बाळांनी मांजर वेगळे काढले. पुढे २००४ मध्ये मांजरांमध्ये विविधता जास्त राहील अशी चित्रे निवडली, तेव्हा हा असमतोल चक्क उलटा झाला.

त्यामुळे 'बाळाला मांजर म्हणजे काय हे कळते' असे म्हणणे मला घाईचे वाटते. त्या काही मिनिटांत बाळ समोरच्या चित्रांतील साम्य आणि फरक यांवरून तात्पुरती कुंपणे घालत असावे, असे मानणे अधिक सुरक्षित आहे.

या कुंपणाचा मोठा आधार म्हणजे डोके. १९९७ च्या एका प्रयोगात मांजराच्या धडावर कुत्र्याचे आणि कुत्र्याच्या धडावर मांजराचे डोके बसवलेली चित्रे वापरली होती. बाळांनी ओळखीचे धड बाजूला ठेवून अनोळखी डोके असलेल्या प्राण्याकडेच जास्त पाहिले.